कोपरं, गुडघे आणि अकरा दिवसांचा दौरा

मी पाणीपुरवठा कार्यालयात नवीन नळजोडणीच्या खिडकीवर बसतो. खिडकीला काच आहे आणि काचेखाली कागद सरकवण्यापुरती फट आहे. काच धुरकट असल्यामुळे बाहेरच्या माणसाला माझा चेहरा नीट दिसत नाही. फटीतून माझी कोपरं मात्र अगदी नाकासमोर दिसतात. ही व्यवस्था कुणी केली मला माहीत नाही, पण ज्यानं केली त्याला सोरायसिस नव्हता एवढं नक्की.

मला आहे. दोन्ही कोपरांवर आणि दोन्ही गुडघ्यांवर. लाल चट्टा आणि त्यावर चंदेरी पापुद्रे. वर्णन ऐकायला दागिन्यासारखं वाटतं, पण हा दागिना खाजतो आणि दिवसभर झडतो.

तर एका मंगळवारी मी एका बाईंचा अर्ज तपासून, सही करून, शिक्का मारून फटीतून बाहेर सरकवला. बाईंनी त्यावर फुंकर मारली. मग तो अर्ज दोन बोटांच्या चिमटीत धरला, उजेडात बघितला आणि म्हणाल्या, "नवा फॉर्म मिळेल का?"

"ह्यात चूक काहीच नाही," मी म्हणालो. "मंजूर झालाय."

"चूक नाही हो. पण नवाच द्या."

मी नवा फॉर्म दिला. त्या फॉर्ममध्ये बावीस रकाने आहेत. बाईंनी उभ्या उभ्या सगळे बावीस रकाने पुन्हा भरले, आणि तेवढा वेळ मागची रांग माझ्या कोपरांकडे बघत उभी राहिली. सरकारी फॉर्म माणूस हौसेनं दोनदा भरत नाही. मी दुसऱ्या अर्जावरही पहिल्याइतक्याच रुबाबात शिक्का मारला, फक्त तो उलटा पडला.

घरी येऊन हे बायकोला सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला कुठल्याही गोष्टीचं उत्तर पहिल्या ओळीतच हवं असतं.

"त्वचेच्या डॉक्टरकडे चला," ती म्हणाली.

"गेलो होतो की एकदा."

"तेव्हा आपली मुलगी दुसरीत होती. आता ती नोकरी करते."

त्या वेळचे डॉक्टर मला म्हणाले होते, हे आयुष्यभर सोबत राहील. मला ते 'सोबत' खटकलं. आयुष्यभराच्या सोबतीला मी एकदा होकार दिलेला होता, आणि दुसऱ्यांदा देण्याची माझी तयारी नव्हती. म्हणून मी तिकडे परत फिरकलोच नाही. पण हे कारण बायकोला सांगण्यासारखं नव्हतं.

"एक महिना दे," मी म्हणालो. "पाला, मुळ्या, तेल, जे काही नैसर्गिक असेल ते करून बघतो. फरक नाही पडला तर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो."

तिनं कॅलेंडरवर पुढच्या महिन्यातल्या एका तारखेभोवती पेन्सिलीनं गोल केला. शाळेतल्या मुलांना ती चाचणीची तारीख अशीच देत असावी.

माझं हे प्रकरण चारचौघांत न्यायचं अजिबात मनात नव्हतं. पण माझे सहाही शर्ट अर्ध्या बाह्यांचे होते. आमच्या घराच्या बरोबर खाली, तळमजल्यावर, टेलरमास्तरांचं दुकान आहे. मी शर्ट घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि ह्यांना पूर्ण बाह्या लावून मिळतील का असं विचारलं.

मास्तरांनी टेप गळ्यातून काढून बाजूला ठेवला. "साहेब, बाही कापतात. वाढवत नाहीत."

"कापड जोडून?"

"जोडलं तर तो जोड दिसणार. पण झालंय काय?"

मी कोपर दाखवलं. मास्तरांनी चष्मा चढवून ते बघितलं, अंगठ्यानं कडेकडेनं चाचपलं आणि म्हणाले, "वरचं कापड चांगलं आहे. अस्तरात बिघाड आहे. हळद तेलात खलवून लेप द्या. रोज. जाड."

मी त्यांना हे कुणाला सांगू नका म्हणालो. मास्तर गुप्तता पाळणारे आहेत. ते ज्याला सांगतात त्याला, हे कुणाला सांगू नका, असं बजावूनच सांगतात. संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावरचे हवामानवाले काका माझ्या दारात उभे होते.

हे काका तीस वर्षं हवामान खात्यात होते आणि आता आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. दोन्ही पदांमुळे त्यांना पुढं काय होणार हे आधी सांगायची सवय लागली आहे.

"ओट्स," ते म्हणाले. "कोमट पाण्यात ओट्स कालवून वीस मिनिटं बसायचं. सकाळचं कोवळं ऊन घ्यायचं. आणि कोरफडीचा गर. फरक पडण्याची शक्यता सत्तर टक्के."

"आणि न पडण्याची?"

"चाळीस."

गणिताच्या शिक्षिकेचा नवरा असल्यामुळे मी बेरीज लगेच केली, पण बोललो नाही. सल्ला देणाऱ्याला अडवलं की तो पहिल्यापासून सुरू करतो.

कोरफड गच्चीवरच्या कुंड्यांत भरपूर होती. मी म्हणालो, दोन पानं तोडून घेतो. काकांमधला हवामानवाला मागे सरला आणि सेक्रेटरी पुढे आला. कोरफड सामाईक होती. तिच्यासाठी अर्ज लागणार होता. जन्मभर मी लोकांना अर्ज आणा म्हणत आलो, त्यामुळे मुकाट्यानं अर्ज लिहिला. 'उपयोग' ह्यापुढे 'वैयक्तिक' असं लिहिलं. अर्ज शेरा मारून परत आला: 'वैयक्तिक म्हणजे काय?' मी खुलासा जोडला. दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या फलकावर सूचना लागली, की पहिल्या मजल्यावरील सभासदांना त्यांच्या त्वचाविकारासाठी आठवड्याला दोन पानं मंजूर करण्यात येत आहेत, इतरांनी कुंड्यांना हात लावू नये. पहिल्या मजल्यावर आमचं एकच घर आहे.

राहिली ताई. माझी मोठी बहीण दुसऱ्या गावी असते आणि तिचा व्हिनेगरवर विश्वास आहे. काचा, फरशा, नळ, सगळं ती व्हिनेगरनं पुसते. तिला बातमी कुणी पोचवली हे मी अजून शोधतो आहे.

"किटलीतला पांढरा थर व्हिनेगरनं जातो," ती फोनवर म्हणाली. "मग तुझ्या कोपरावरचा का नाही जाणार?"

"मी किटली नाही, ताई."

"तीच तर अडचण आहे. किटली ऐकते."

"त्यात पाणी घालू का?"

"पाणी घातलंस की जोर गेला."

आता माझ्याजवळ हळद होती, कोरफड होती, ओट्स होते, व्हिनेगर होतं, आणि प्रत्येकामागे एक दुखावला जाऊ शकेल असा माणूस होता. बायको म्हणाली, "सगळं सगळीकडे लावलंत तर कशानं काय झालं ते कळणार नाही. एका जागी एकच लावा. आणि एक जागा तशीच ठेवा, तुलनेला."

मला ते पटलं. उजव्या कोपराला मास्तरांची हळद, डाव्या कोपराला ताईचं व्हिनेगर, उजव्या गुडघ्याला काकांची कोरफड आणि ओट्स. डाव्या गुडघ्यासाठी सल्लागार उरला नव्हता, म्हणून तो तसाच ठेवायचा ठरला. मी भिंतीवर तक्ता लावला. माझी मन:स्थिती अगदी शास्त्रज्ञाची झाली.

शास्त्रज्ञाला न्हाणीघरात बसावं लागत नसावं. मोठ्या टबात ओट्सचं कोमट पाणी, त्यात मी, आणि डाव्या गुडघ्याला ओट्स लागू नयेत म्हणून डावा पाय बाहेर स्टुलावर. तशा अवस्थेत वीस मिनिटं फार लांबतात. टेकायला हात लावावा तर एका कोपराची हळद भिंतीला लागायची आणि दुसऱ्याचं व्हिनेगर भेगांत झोंबायचं. झोंबणं म्हणजे गुण येतोय, असं ताई म्हणाली होती. त्या हिशेबानं मला फार गुण येत होता.

पाचव्या दिवशी टब रिकामा केला तेव्हा पाणी गेलं नाही. ओट्स फुगतात ही गोष्ट मला माहीत होती, पण ते पाइपात गेल्यावरही फुगत राहतात हे लक्षात आलं नव्हतं. मी काठीनं ढोसलं. कुठेतरी काहीतरी सुटल्याचा आवाज झाला, पाणी भर्रकन गेलं आणि मला समाधान वाटलं. ते समाधान पाइपातून खाली उतरून मास्तरांच्या दुकानात, एका गिऱ्हाइकाच्या नव्या कोटावर पडलं. मास्तर तो कोट घेऊन वर आले. कोटाच्या खांद्यावर लापशीसारखं काहीतरी होतं.

"हे काय आहे, साहेब?"

"ओट्स. काकांनी सांगितले होते."

मास्तरांनी नखानं थोडे ओट्स खरवडून काढले. "हळद लावताय ना?" त्यांनी विचारलं.

"उजव्या कोपराला."

"एकाच?" मास्तर म्हणाले, आणि कोटाबद्दलही बोलले नव्हते इतक्या दुखावलेल्या आवाजात म्हणाले.

तेव्हापासून तक्ता बिघडला. मास्तरांच्या समाधानासाठी हळद मी डाव्या कोपरालाही लावली. एकदा लेप देताना दाराची घंटा वाजली, परत आलो तेव्हा कुठला हात झाला होता ते आठवेना. ताईचा फोन लेप लावायच्या वेळीच यायचा आणि कोरफडीच्या वाटीत व्हिनेगर पडायचं. सगळं हातानंच लावत असल्यामुळे हात पिवळे झाले, मग लाल झाले, मग बोटांची टोकं सोलून निघायला लागली. मी ताईला सांगितलं.

"जुनी कातडी जातेय," ताई म्हणाली. "आता खालून नवी येईल."

"पण हाताला काही नव्हतंच."

"मग तर फारच लवकर आला गुण."

तिसऱ्या आठवड्यात मी आणि बायकोनं तपासणी केली. उजवं कोपर होतं तसंच, वर पिवळं. डावं कोपर आधीपेक्षा वाईट, जागोजागी चिरलेलं. उजव्या गुडघ्याची खाज कमी झाली होती, हे खरं, आणि तो मऊही पडला होता. आणि डावा गुडघा, ज्याला मी बोटसुद्धा लावलं नव्हतं, ज्याला मी वीस वीस मिनिटं स्टुलावर कोरडा ठेवला होता, तो जवळजवळ स्वच्छ झाला होता.

आम्ही दोघंही त्या गुडघ्याकडे बघत बसलो.

"ह्याचा अर्थ काय?" मी विचारलं.

"निष्कर्ष काढता येत नाही," बायको म्हणाली. एरवी ती असं कधी म्हणत नाही. ती त्या दिवसांत एकूणच कमी बोलायची आणि माझ्याकडे जरा जास्त बघायची. मला वाटलं, पिवळ्या हातांकडे बघते.

काकांनी गुडघा बघून सांगितलं की हा उन्हाचा परिणाम. ऊन तर दोन्ही गुडघ्यांना सारखंच मिळालं होतं. मास्तर म्हणाले, हळद अंगात भिनत भिनत तिथवर पोचली. ताई म्हणाली, व्हिनेगरचा वास लागला असेल. माझा स्वतःचा असा समज व्हायला लागला होता की माझ्या त्वचेला फक्त लक्ष दिलेलं आवडत नाही.

आणि मग ऑफिसात मेमो आला.

आमच्याकडे हजेरीचं यंत्र आहे. त्यावर बोट ठेवायचं, ते वाजतं, की आपण आत जायचं. त्याच्या पडद्यावरची अक्षरं कधीचीच पुसट झाली आहेत. गेले काही दिवस ते माझ्या बोटाला एकदा वाजण्याऐवजी दोनदा वाजत होतं. मला वाटलं, सव्वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाशी यंत्रसुद्धा जरा आपुलकीनं वागत असेल.

आस्थापना शाखेतल्या मॅडम माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसतात. मेमो घेऊन मी तिथपर्यंत गेलो.

"तुम्ही अकरा दिवस गैरहजर आहात," त्या म्हणाल्या.

"मॅडम, मी आत्ता तुमच्यासमोर उभा आहे."

"आत्ताचं मी बोलत नाही."

"काल तुम्हीच मला स्टेपलर दिलात."

"दिला. पण तो रेकॉर्डवर नाही." मॅडम वाईट नाहीत. त्यांनी माझी बोटं उलटसुलट करून बघितली. टोकं कागदासारखी गुळगुळीत झाली होती. त्यांवर एकही रेघ नव्हती. "अरे देवा. ठसेच गेलेत की तुमचे."

त्यांनी कपाटातून एक फॉर्म काढला, वाचला आणि परत ठेवला. ठसा देता न येणाऱ्यांसाठी फॉर्म होता, पण तो बोट नसलेल्या माणसासाठी होता. मला बोटं होती, दहाच्या दहा, आणि तीच माझ्या विरोधात जात होती. सव्वीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकात विनापरवानगी गैरहजेरीचा एकही शेरा नाही. आता एकदम अकरा बसणार होते. सेवेत खंड, मग वेतनवाढ, मग पुढचं सगळं.

"चारच रकाने आहेत," मॅडम विचार करत म्हणाल्या. "हजर, गैरहजर, रजा आणि दौरा. रजा तुम्ही मागितली नाही. मी तूर्त तुम्हाला दौऱ्यावर टाकते. त्यात बोट लागत नाही."

मी त्यांचे आभार मानले. जागेवर येऊन बसलो, तोवर त्यांनी दौऱ्याच्या अहवालाचा नमुना पाठवला. दौरा म्हटला की अहवाल लागतोच. मी प्रामाणिकपणे लिहिलं: दौऱ्याचे ठिकाण, नळजोडणी खिडकी. प्रयोजन, नळजोडणी. प्रवासाचे साधन, खुर्ची. अहवाल साहेबांकडे गेला. साहेबांनी त्यांच्या केबिनच्या काचेतून माझ्याकडे बघून हात केला आणि अहवालावर लिहिलं, 'दौऱ्याचे ठिकाण आणि मुख्यालय एकच असू शकत नाही. संबंधितास परत.' संबंधित मीच.

"आता एकच मार्ग," मॅडम म्हणाल्या. "त्वचेच्या डॉक्टरांचा दाखला. बोटं आहेत पण ठसे उमटत नाहीत, असा."

महिना संपायला चार दिवस होते. म्हणजे पेन्सिलीच्या गोलापर्यंत पोचायच्या आधीच मी हरणार होतो, आणि तेही ऑफिसकडून. मी ठरवलं की सोमवारी गुपचूप एकटा डॉक्टरांकडे जायचं.

शनिवारी सकाळी मुलगी आली. ती दुसऱ्या शहरात एका छापखान्यात पुस्तकांची मांडणी करते आणि न कळवता कधी येत नाही. आली, बॅग ठेवली आणि आईच्या शेजारी जाऊन बसली. दोघींच्या समोर मी. मधे टेबलावर बायकोचा फोन.

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुम्ही दिवसभर कुठं जाता?"

"ऑफिसात."

बायकोनं फोन उचलला आणि वर्गात उत्तरं वाचून दाखवावीत तसं वाचायला सुरुवात केली. "पाच तारीख. आपले कुटुंबीय आज कार्यालयात गैरहजर आहेत. सहा तारीख. आपले कुटुंबीय आज कार्यालयात गैरहजर आहेत. आठ तारीख."

यंत्र बसवताना प्रत्येकानं घरचा एक नंबर द्यायचा होता आणि मी हिचा दिला होता, हे मला तेव्हा आठवलं.

"अकरा दिवस," बायको म्हणाली. "आणि परवा आलाय, की दौऱ्यावर आहेत. परवा संध्याकाळी तुम्ही ह्याच खुर्चीत बसून कोपर चोळत होतात."

"अगं, तो दौरा तसा नाही."

"मला आधी वाटलं, ऑफिस सोडून कुठल्यातरी पाल्यावाल्याकडे जाऊन बसत असतील. हात असे झालेत म्हणून. मग वाटलं, नोकरीच गेली असेल. आणि सांगता येत नसेल." तिनं फोन खाली ठेवला. "मी रोज डबा देत होते. वाटायचं, एखाद्या बागेतल्या बाकावर बसून खात असतील. म्हणून भाजी जरा जास्त घालत होते."

भाजी जास्त होती हे खरं. मी ती रोज मॅडमना दिली होती.

मी उठलो, बॅगेतून साहेबांच्या शेऱ्याचा तो अहवाल काढला आणि टेबलावर ठेवला. मुलीनं तो मोठ्यानं वाचला. 'प्रवासाचे साधन, खुर्ची' ह्यापर्यंत आली आणि तिला पुढं वाचता येईना. बायकोनं कागद तिच्या हातातून घेतला, शेवटपर्यंत वाचला, मग माझे दोन्ही हात ओढून घेऊन बोटांची टोकं एकेक करून बघितली.

"हे मला आधी नाही का सांगायचं?" ती म्हणाली.

"तू तरी कुठं विचारलंस?"

सोमवारी मुलीनं माझ्याबरोबर डॉक्टरकडे जायचं, म्हणजे मी वाटेत कुठे दौऱ्यावर जाणार नाही, असं ठरलं.

डॉक्टरबाई वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या आणि दमलेल्या दिसत होत्या. त्यांनी दिवा जवळ ओढून आधी कोपरं बघितली, गुडघे बघितले, मग तळहात बघितले आणि तिथंच थांबल्या.

"कोपरांना आणि गुडघ्याला सोरायसिस आहे. हाताला नाही."

"मग हाताला काय आहे?"

"हाताला उपचार झालेत," त्या म्हणाल्या. "काय काय लावत होतात?"

मी सांगितलं. व्हिनेगरपाशी त्यांनी पेन थांबवलं. "पाणी घालून?"

"पाणी घातलं की जोर जातो."

"कोण म्हणालं?"

"मोठी बहीण."

त्यांनी ते लिहून घेतलं नाही. मग मात्र नीट समजावून सांगितलं. शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच चुकून घाई करते, त्यामुळे महिनाभरात येणारी कातडी चार दिवसांत वर येते आणि तिचा ढीग साचतो. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही, शिवून लागत नाही, कागदावरून तर नाहीच. मुळापासून जाईल असं वचन कुणी देत असेल तर त्याच्यापासून लांब राहा, पण आटोक्यात छान राहतं, मलमं आहेत, त्याहून जास्त लागलं तर पुढची औषधं आहेत. कोरफड लावली तर हरकत नाही, थोडा आराम पडतो. ओट्सच्या पाण्यानंही खाज कमी होते. "पण फडक्यात बांधून पाण्यात सोडा, म्हणजे पाइप तुंबत नाही." चिरलेल्या कातडीवर व्हिनेगर कधीच नाही. आणि कुणाचाही काढा पोटात घ्यायच्या आधी त्यांना विचारायचं.

"आणि हा डावा गुडघा?" मी विचारलं. मला त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय झोप लागणार नव्हती. "ह्याला काहीच केलं नाही."

"हा आजार आपापला कमीजास्त होतो. त्या वेळी जे लावलेलं असतं त्याला श्रेय मिळतं."

"इथं काहीच लावलं नव्हतं."

"मग त्याला द्या," त्या म्हणाल्या, आणि दाखला लिहायला घेतला.

मुलगी माझ्या मागे उभी होती. आता तिनं विचारायला सुरुवात केली. थंडीत वाढतो का. ताणानं वाढतो का. केसांना रंग लावला तर चालतो का. मला बरं वाटलं, बापाची काळजी करते. फक्त मी केसांना रंग लावत नाही.

"आणि कानामागे असेल तर हेच मलम चालतं?" तिनं विचारलं. "केसांच्या कडेला, मानेपर्यंत?"

"मला कानामागे नाही," मी तिला म्हणालो.

डॉक्टरबाईंनी दाखल्यावरून मान वर केली.

"कोणाच्या कानामागे?" त्यांनी विचारलं.

मुलीनं माझ्याकडे न बघता केस एका बाजूला घेतले. कानामागून खाली मानेपर्यंत एक लाल पट्टा होता आणि त्यावर तेच चंदेरी पापुद्रे. मी ते लगेच ओळखले. इतकी वर्षं ते मी रोज आरशात बघत आलो होतो, तरी दुसऱ्या कुणाच्या अंगावर ते असू शकतात ही गोष्ट माझ्या डोक्यात कधी शिरलीच नव्हती, आणि तिच्या अंगावर तर नाहीच नाही. डॉक्टरबाईंनी दिवा उचलून तिच्या बाजूला नेला आणि नवा केसपेपर घेतला. मी उठून तिला खुर्ची द्यावी की बसून राहावं ते मला कळेना. मी अर्धवट उभा राहिलो आणि तसाच राहिलो.

बाहेर औषधांच्या दुकानासमोर एक बाक होता. दोघांची मलमं वेगवेगळी होती, पण पिशवी एकच मिळाली.

"किती दिवस आहे?" मी विचारलं.

"तीन वर्षं."

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"मला तरी सांगायचंस."

"तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत, बाबा," ती म्हणाली. तक्रार करत नव्हती, मांडणीत एखादी ओळ कुठं बसते ते सांगावं तसं सांगत होती. "पाहुणे आले की तुम्ही शर्ट बदलायचात. मला वाटलं, हे असं असलं की सांगायचं नसतं."

मी पिशवीतून तिच्या नावाचं मलम काढलं, झाकण उघडलं आणि म्हणालो, "वळ जरा. तुला मागचं दिसत नसेल."

"इथं? रस्त्यात?"

"वळ."

तिनं केस वर धरले. माझी बोटं सोललेली, पिवळट, त्यांना स्पर्शही धड कळत नव्हता, त्यामुळे मी फार सांभाळून, कडेकडेनं लावत गेलो. ती खांदे आकसून बसली होती, मग हळूहळू सैल झाली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या टक लावून बघत होत्या. एरवी मी मलम खिशात घातलं असतं आणि वेळ विचारली असती.

"सोरायसिस आहे," मी त्यांना म्हणालो. माझा आवाज जरा मोठाच झाला, दुकानदारानंही बघितलं. "दोघांनाही. लागत नाही कुणाला."

बाई आमच्या बाजूला सरकल्या. आमच्या अगदी शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी मान वाकडी करून मुलीचा कान बघितला.

"माझ्या नणंदेला होतं," त्या म्हणाल्या. "केळ्याची साल चोळायची. महिन्याभरात गेलं बघा."

मी त्यांना डॉक्टरबाईंचं सगळं सांगणार होतो. संरक्षण यंत्रणा, घाई, कातडीचा ढीग. मी तोंड उघडलंसुद्धा.

"आतली बाजू चोळायची," मुलीनं विचारलं, "की बाहेरची?"

मी तिच्याकडे बघितलं. तिनं एका हातानं केस तसेच वर धरले होते आणि दुसऱ्या हातानं ती फोनमध्ये लिहून घेत होती.